घुबडानं नेलेला दगड

निजामाच्या अमलात औरंगाबादच्या छावणीत गोऱ्या साहेबांचं गोल्फचं मैदान होतं. मैदान कसलं, माळच तो. चेंडू ज्या खळग्यात घालायचा त्याच्याभोवती तेल पाजलेली वाळू पसरायची आणि झाडून सारखी करायची, हे कडूबाचं काम. पण त्या हिवाळ्यात त्याचं ध्यान वाळूत नव्हतं, पाखरांत होतं.

त्याची बायको साळूबाई वाळत चालली होती. दसऱ्याच्या सुमारास छपरावर घुमणाऱ्या घुबडाला तिनं दगड मारला, आणि शेजारची सरूबाई बोलून गेली, "काय केलंस गं बये! ते दगड उचलून नेतं अन् पान्यात झिजवत बसतं. दगड झिजंल तसं मानूस झिजतं." थोड्याच दिवसांत साळूबाईला ताप भरला, तो हटेना. दवाखान्यातलं औषधही लागू पडेना.

दगड सापडला तर ती वाचेल, एवढंच कडूबाला कळत होतं. दिवसा घुबड दिसलं की कावळे त्याला टोचून हैराण करतात. म्हणून कावळ्यांचा गलका उठला की तो झाडू टाकून तिकडं धावे. टिटवी ओरडली, तितर फडफडला, तरी थबके.

भिश्ती करीम हसायचा, "साहबां गेंद ढूंडते, तुमे पत्थर ढूंडते, कडूबा!" साळूबाईला उठून बसवत नाही हे कळलं, तेव्हा मशक खाली ठेवून तोही शोधू लागला.

अखेर ओढ्याच्या दरडीत कपार सापडली. खाली पांढरी शिट, उंदरांच्या केसांचे आणि हाडांचे गोळे. कडूबा वर चढला तसं घुबड त्याच्या कानाजवळून उडालं. त्यानं खांद्यापर्यंत हात आत घातला. पिसं होती, हाडं होती. दगड नव्हता. ओढ्यात तर गोटेच गोटे, आणि सगळेच झिजलेले. त्यातला एकही घरी न्यायची त्याची छाती होईना. त्यानं माळावरचा एक धारदार दगड उचलला.

"गावला गं," घरात शिरताच तो म्हणाला. "त्याच्या कपारीतून काढला. बघ, जसाच्या तसा हाय."

साळूबाईनं दगड दोन्ही हातांत घेतला. कडांवरून बोट फिरवलं.

"जरा बी झिजला नाय."

"नाय."

"मंग मी कशानं झिजले वं?"

कडूबानं दगड परत घ्यायला हात पुढं केला. तिनं तो सोडला नाही.