सोयाबीन नव्हतं तेव्हाच्या गोगलगायी

चुडाव्याच्या शिवारात आमच्या विहिरीचं खोदकाम चालू होतं. काळी माती संपली, मुरूम संपला, सुरुंग लावून काळा पाषाण फोडला. त्याच्याखालून क्रेननं वर आला एक वेगळाच राखाडी दगड. मी ढिगातला एक तुकडा उचलला आणि किंचाळलेच. आगं माय! अंगभर शंख! करंगळीच्या नखाएवढे, एकेक वळण शाबूत.

मी शाळेत विज्ञान शिकवते. जीवाश्मांचा धडा आला की पोरं जांभया देतात. म्हणतात, "बाई, हे समदं फॉरेनमधी सापडतंय." थांबा म्हटलं लेकांनो, सोमवारी हा दगड टेबलावर ठेवते! तो बांधावर ठेवून फोटोसाठी मोबाइल आणायला मी आखाड्यावर, शेतातल्या आमच्या खोपीकडे, पळाले.

परत येते तर विहिरीला झरा फुटलेला. क्रेनवाले ओरडायलेत, नारळ फुटायलेत, आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, काठावर सात दगड मांडून शेंदूर लावायल्यात. पाणी लागलं की पाण्याच्या देवी, साती आसरा, बसवायच्या ही आमच्याकडची रीत. सातवा दगड माझा होता!

"आत्याबाई, तो माझा हाय!"

"आता आसराचा हाय. अंगावर शंख घिऊन आपल्या पायानं आली बग देवी."

बसवलेली आसरा कुणी उचलत नाही. मला रडूच यायला लागलं. रागाच्या भरात बोलून गेले, "अहो, देवी कसली? गोगलगाय आहे ती!"

त्यांचा हात जागीच थांबला. मागच्या हंगामात गोगलगायींनी आमचं कोवळं सोयाबीन फस्त केलं होतं. आत्याबाईंनी बादल्या भरभरून त्या वेचल्या होत्या आणि मिठाच्या पाण्यात बुडवल्या होत्या. आता दगड विहिरीत भिरकावतात की काय!

मग मी जी सुटले! म्हटलं, इथं तळं होतं, साडेसहा कोटी वर्षांमागं, डायनासोर हिंडायचे तेव्हा. त्यात ह्या राहायच्या. मग जमीन फाटून तापलेला रस आला, तळ्यावरून वाहिला आणि थिजला. तोच आपला काळा पाषाण. त्याचीच झीज होऊन ही काळी माती झाली.

"तवा मानसं व्हती?"

"छे! माणूस तर आत्ता आत्ता आला."

"आन् सोयाबीन?"

"तेही नव्हतं."

"मंग ह्यांनी कुनाचं काय खाल्लं? आन् हितं पानीच व्हतं म्हनतीस. मंग आसरा न्हाई तर काय हाय ही?"



दगड हलला नाही. सोमवारी मी वर्गच विहिरीवर नेला. पोरं दगडाभोवती पालथी पडली, डोकी एकमेकांवर आपटायला लागली. "बाई, हे आपल्या शिवारातलं हाय? खरंच?" काय सांगू, लय खूश होते मी त्या दिवशी!

पोरं गेल्यावर बघते तर आत्याबाई त्या दगडापाशी बसलेल्या. कडुनिंबाच्या काडीनं एकेका शंखातला शेंदूर कोरून काढायल्या होत्या.

"आत्याबाई, हे काय?"

"जित्ते जीव व्हते म्हनलीस न्हवं. तोंडात शेंदूर कशाला भरायचा त्यांच्या?"