बाईंसाठी ठेवलेले टायर

बासष्ट-त्रेसष्टच्या सुमाराची गोष्ट. मी अमरावतीत नुकती वकिली सुरू केली होती आणि वडिलांची जुनी गाडी माझ्या हातात आली होती. अकोल्याच्या मैदानावर मोटारींची स्पर्धा ठरली. ओळीने मांडलेल्या पिंपांमधून नागमोडी गाडी काढायची, पिंपाला धक्का लागू द्यायचा नाही. अट एकच होती, गाडी ज्या टायरांवर रस्त्याने येईल त्यांवरच धावायची.

माझे टायर वळणावर घसरत. टायरवाल्या चाचांकडे गेलो, तर नव्या टायरांचा एकच संच होता. रबर नरम, नक्षी बारीक. मी बोटाने दाबून पाहत होतो, तेव्हा चाचा म्हणाले, "वळणावर चांगले धरतीन, वकीलसाहेब. पण हे डॉक्टरीणबाईसाठी ठेवले हायेत."

बाई बडनेऱ्याकडच्या खेड्यांत बाळंतपणं करत. तेव्हा टायर महिनोन्‌महिने मिळत नसत, हे मला ठाऊक होतं. तरी मी म्हणालो, बाईंशी बोलणं झालंय, त्या पुढच्या मालापर्यंत थांबतील. चाचांनी वकिलाच्या शब्दावर विश्वास ठेवला.

अकोल्यात माझा दुसरा नंबर आला. परतताना, दुपारी, बडनेऱ्याच्या अलीकडे बाईंची गाडी रस्त्याच्या कडेला दिसली. मागचा टायर पार फाटला होता आणि जादाचं चाक आधीच पंक्चर होतं. बाई बॅग घेऊन पायी निघाल्या होत्या. मी त्यांना गाडीत घेतलं.

थोडं पुढे गेल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमचं-माझं बोलणं झालंय का, असं चाचांनी नंतर मला विचारलं होतं. मी हो म्हणाले. तुम्हांला खोटं पाडावंसं वाटलं नाही."

मला समोरचा रस्ता नीट दिसेना. माफी मागायला तोंड उघडलं, पण त्यांनी घड्याळ पाहिलं आणि जरा लवकर चला, एवढंच सांगितलं.

आम्ही बाळंतिणीच्या घरी वेळेत पोचलो. मुलगी झाली. घरच्यांनी मलाही चहा दिला, गाडी आणली म्हणून माझे आभार मानले. मी चहा तसाच ठेवून गाडीकडे गेलो.

दुसऱ्या दिवशी चारही टायर काढून मी बाईंच्या गाडीला बसवून घेतले. चाक आवळताना चाचांनी विचारलं, "काहून साहेब, पसंत नाही पडले?"

मी म्हणालो, "बाईले जास्त गरज हाय."

चाचांनी मान डोलावली. माझ्या चांगुलपणाचं त्यांना कौतुक वाटलं होतं, आणि मी ते वाटू दिलं.