रस्त्याकडून आलेलं ऊन

“चित्र मेलंय यार हे. समोरच्या भिंतीवर ऊन टाका,” आमचे आर्किटेक्ट जाधव सर माझ्या खुर्चीमागं उभे राहून म्हणाले.

पुंडलिकनगरमधल्या त्यांच्या ऑफिसात मी अजून न बांधलेल्या इमारतींचे फोटो तयार करते. कॉम्प्युटर प्रकाशाचं गणित करून चित्र काढतो, त्याला रेंडर म्हणतात. आमच्या मशीनला एका रेंडरला अख्खा दिवस लागतो. काही बदलायचं म्हटलं की पुन्हा एक दिवस. म्हणून चित्र थराथरांत काढून घेतो. उन्हाचा थर वेगळा, आभाळाच्या उजेडाचा वेगळा, दिव्यांचा वेगळा. या थरांना पास म्हणतात. ते एकावर एक ठेवायचे आणि हवा तो कमीजास्त करायचा. सोबतीला मॅट. ग्रिल रंगवताना पेंटर काचेवर वर्तमानपत्र चिकटवतो ना, तेच काम. मॅट लावला की भिंतच रंगते, खिडकीला धक्का लागत नाही.

काम पिशोरच्या अभ्यासिकेचं होतं. विहाराशेजारची जागा कौसल्याबाई देणार होत्या. त्यांचं घर पत्र्याचं. दुपारी आत बसवत नाही, म्हणून नात चिंचेखाली बसून नर्सिंगचा अभ्यास करायची. बाईंची अट एकच: आधी काय बांधणार ते दाखवा, मगच सही. दाखवायचं होतं दुसऱ्या दिवशी सकाळी.

मी उन्हाचा पास उघडला. समोरची भिंत त्यात पूर्ण काळी. म्हणजे तिथं ऊन पोचतच नाही.

“सर, रस्ता उत्तरेला आहे. या भिंतीवर ऊन येणार कुठून?”

“गावात कोण होकायंत्र घेऊन बसलंय? टाका.”

टाकलं. भिंतीचा मॅट लावून पिवळसर ऊन हातानं रंगवलं, वर छज्ज्याची तिरपी सावलीही काढली. खोटं कशाला बोलू, झकास दिसत होतं. मी स्वतःवरच खूश होते.

सकाळी विहारात कमिटीची माणसं सतरंजीवर बसली. जयभीम झाला, चहा झाला. सरांनी प्रिंट कौसल्याबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती बराच वेळ पाहिली.

“हे दुपारचं हाय?”

“हो आजी,” सर म्हणाले.

“आन् ऊन रस्त्याकडनं आलंय? मिरगात जरासं कलतं तिकडं, एरवी नाय येत. त्या बाजूला म्या जल्मात पापड वाळवले नायत, ते उगंच व्हय?”

बाईंनी प्रिंट खाली ठेवली.

“ऊन खोटं, मग खिडक्या तरी खऱ्या हायत का?”

सर घाईघाईनं म्हणाले, “आजी, ते नुसतं चांगलं दिसावं म्हणून...” माझ्या एका पिवळ्या थरापायी ती पोरगी चिंचेखालीच राहणार होती.

“आजी, ऊन मी घातलंय. काढते,” म्हणून मी लॅपटॉप उघडला. माझा थर बंद केला, बाकी कशाला हात लावला नाही. भिंत सावलीत गेली. खिडक्यांतून आतल्या टेबलांवर आभाळाचा सारखा, शांत उजेड दिसायला लागला. तो आधीपासून होताच. उन्हाच्या झगमगाटात माझंही लक्ष तिकडं गेलं नव्हतं.

बाई स्क्रीनजवळ सरकल्या. “म्हंजी दुपारी पोरींच्या पुस्तकावर ऊन नाय पडणार?”

“नाही पडणार.”

“आन् एवढी गोष्ट तुमी झाकून ठिवली व्हय?”

“हो आजी,” मी म्हटलं. सरांनी खाली ठेवलेली प्रिंट गुंडाळून घेतली.

“आना कागद,” बाई म्हणाल्या.

अभ्यासिका उभी राहिली. मे महिन्यात भरदुपारी मी मुद्दाम जाऊन आले. बाईंची नात खिडकीजवळच्या टेबलावर पुस्तकात डोकं घालून बसली होती. तिनं मान वर केली नाही, आणि मला फार बरं वाटलं.

सरांच्या टेबलावर आता होकायंत्र असतं. मी नवीन काम हातात घेतलं की आधी उन्हाचा पास उघडते आणि पापड कुठं वाळतील ते बघून घेते.