साडू आणि माझं बोट

बारामती धरून पार इंदापूरपर्यंत कॅनॉलच्या दोन्ही अंगाला जेवढी माणसं राहतात, त्यातल्या निम्म्यांच्या बोटाला माझ्या साडूनं सुई टोचलेली आहे. उरलेल्या निम्म्यांना तो टोचणार आहे, फक्त त्यांना अजून ते माहीत नाही. मी चौथी शिकलेला माणूस, मला गोड लिहिता येत नाही. पण एवढं लिहितो की असला चिकट माणूस मी दुसरा बघितला नाही. त्याची बायको आणि माझी बायको सख्ख्या बहिणी. थोरली माझ्याकडं आली, धाकटी त्याच्याकडं गेली. थोरली आता नाही. दोन गळीत हंगाम झाले.

साडूनं उभा जन्म गावच्या दूध डेअरीत फॅट काढण्यात घालवला. सकाळी रांगेतल्या कॅनमधून चमचाभर दूध घ्यायचं, यंत्राला लावायचं आणि आकडा ओरडायचा. त्यामुळं त्याला माणसाचं नाव आठवत नाही, फॅट आठवते. लग्नात कुणी पाया पडलं तर हा डोळे बारीक करून म्हणणार, "तू सहा पॉइंट चारच्या शांताबाईचा नातू व्हय रं?" एकदा एका पुढाऱ्याला भर सभेत त्यानं "साडेतीन" म्हणून हाक मारली. पुढाऱ्याला वाटलं काहीतरी मानाचं बोलतोय, त्यानं हात जोडले. पाणी घालणाऱ्या घरात साडेतीन लागायची, हे फक्त आम्हाला माहीत.

डेअरीतून रिटायर झाल्यावर चार दिवस तो घरात बसला. पाचव्या दिवशी गावच्या आशाताईकडं गेला आणि म्हणाला, "बाई, मला काहीतरी तपासायला द्या." तिनं त्याला रक्तातली साखर बघायचं यंत्र दाखवलं, हात धरून शिकवलं, आणि गावाचं स्वास्थ्य संपलं. डेअरीच्या दारातच त्यानं टेबल टाकलं. त्यात त्याचं डोकं होतं, हे मला कबूल आहे. साखर उपाशीपोटी बघायची असते, आणि दूध घालायला येणारा माणूस चहाच्या आधी येतो. वर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "म्हशीचं रोज तपासता, स्वतःचं कधी तपासलं का? म्हशीपेक्षा हलकं जनावर हाय का तुमी?"

पण पहिल्याच आठवड्यात घोटाळा झाला. आमच्या लोकांचा जन्म गेला फॅट ऐकण्यात, आकडा मोठा म्हणजे माल चांगला. आमच्या भावकीतल्या तात्याची साखर दोनशे ऐंशी निघाली. तात्या कॅन तिथंच ठेवून पारावर गेला आणि मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "दोनशे ऐंशी निघाली. घरच्या म्हशीचं दूध पितो, उगं न्हाय." त्याच्या शेजाऱ्याची निघाली होती पंच्याण्णव. तो बिचारा मान खाली घालून घरी गेला, सुनेवर डाफरला की तुमी मला धड खायला घालत न्हाय, आणि दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या चार बेसनाचे लाडू खाऊन परत रांगेत उभा राहिला. साडूनं हे ऐकलं आणि डोक्यावरची टोपी काढून टेबलावर आपटली. मग जिथं दुधाचा दर लिहितात त्या फळ्यावर खडूनं लिहिलं, "दुधात जास्त ती चांगली. रक्तात जास्त ती वाईट." तात्याला तो स्वतः स्कूटरवर मागं बसवून बारामतीच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. तात्या वाटभर म्हणत होता, "माझी कमी करताय होय? लोक काय म्हणतील?"

सोमेश्वरनगरकडं ऊसतोडीवाल्यांच्या पाचटाच्या कोप्या पडल्या की साडूची स्कूटर तिकडं वळते. त्या माणसांना ना गाव ना दवाखाना, पहाट झाली की फडात. एका वर्षी एक पोटुशी बाई त्याला दिसली, पाय सुजलेले आणि डोक्यावर मोळी. त्यानं मुकादमाला सांगितलं, बाईला डॉक्टरला दाखव. मुकादम म्हणाला, "तोड बुडती, काका. तिच्या जागी कोण मोळ्या बांधणार?" साडू म्हणाला, "मी." आणि धोतर खोचून फडात उतरला. त्याची पहिली मोळी बांधून उचलली की सुटली. दुसरी उचलायच्या आधीच सुटली. तिसरीत त्याच्या धोतराचा सोगा बांधला गेला. दुपारपर्यंत सगळा फड हसून आडवा झाला, एक गाडी भरली नाही. शेवटी मुकादमानं हात जोडले, "काका, तुमी घरी जा. बाईला मी आत्ता पाठवतो, पण तुमी जा." ती बाई आणि तिची पोरगी, दोघी चांगल्या आहेत. त्या पोरीला साडू "सुटलेली मोळी" म्हणतो.

आता माझं सांगतो. आमच्या हिच्या पायाला खोडव्यात मागच्या तोडीचा उसाचा बुडखा लागला होता. साधी जखम, हिनं हळद भरली. जखम भरेना. साडू दोनदा घरी आला, म्हणाला, "आक्का, बोट दे, साखर बघतो." ही म्हणाली, तोड आली की बघू. मीही तेच म्हणालो. आमच्याकडं सगळं ऊस गेल्यावर होतं, लग्न, दवाखाना, सगळं. तिसऱ्यांदा साडू आला तेव्हा मी त्याला म्हणालो, तुमाला काय कामधंदा न्हाय का. तो यंत्र पिशवीत घालून गेला. मग तोड आली. ऊस गेला, तीही गेली.

दहाव्याला नीरेच्या घाटावर पिंड ठेवला. कावळे वर झाडावर बसले, खाली येईनात. लेक म्हणाला, म्हस विकणार न्हाय. नातू म्हणाला, शाळा सोडणार न्हाय. भाऊबंदांनी काय काय कबूल केलं. कावळा नाही. मी नदीकडं तोंड करून उभा होतो. तेव्हा साडू पुढं झाला, चपला काढल्या आणि पिंडापुढं उभा राहून म्हणाला, "आक्का, पाव्हण्यांचं बोट माझ्याकडं लागलं. त्यांची साखर मी बघत राहीन." कावळा उतरला. सगळ्यांनी बघितलं. मी तिथंच मनात म्हणालो, मेलो.

दुसऱ्या दिवसापासून साडू रोज सकाळी डेअरीचं टेबल आवरून चार किलोमीटर स्कूटर हाणत आमच्या ओट्यावर यायला लागला. मी म्हणायचो, "चहा घ्या." तो म्हणायचा, "बोट द्या." मी म्हणायचो, "आधी चहा." तो म्हणायचा, "आधी बोट." हा आमचा रामराम. बोट मिळेपर्यंत या घरचा चहा घेणार नाही असं त्यानं ठरवलं होतं, आणि मीही कमी नव्हतो. डेअरीत दूध घालायला सुनेला पाठवायचो. मग साडू तासभर बसायचा, हिनं एकदा त्याला करपलेली पुरणपोळी कशी वाढली ते सांगायचा, आणि बोट न घेता जायचा. अशी दोन वर्षं.

परवाच्या कार्तिकात तो एकदम यायचा बंद झाला. पहिल्या दिवशी मी म्हणालो, बरं झालं. दुसऱ्या दिवशी चहा करायला लावला आणि ओट्यावर घेऊन बसलो. चहा गार झाला, साय धरली. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी सून म्हणाली, "आबा, वालचंदनगरला लेकीकडं गेल्यात ते. नातीचं बारसं हाय. तुमाला सांगितलं न्हाय का?" मी म्हणालो, "मला काय करायचंय." ती झाडू घेऊन ओट्यावर आली आणि थांबली. "आबा, फरशीवर रगत कुणाचं?"

रक्त माझ्या पायाचं होतं. तळव्यात बाभळीचा काटा, बोटभर, मोडून आत बसलेला. कधी गेला मला माहीत नाही. दुखलंच नव्हतं. सुनेनं चिमट्यानं ओढून काढला, तेव्हाही काही कळलं नाही. मी त्या काट्याकडं बघत बसलो. आमच्या हिचंही पायापासूनच सुरू झालं होतं.

पाचव्या दिवशी मी स्वतः कॅन घेऊन डेअरीत गेलो. साडू आदल्या सांजेला परत आला होता, टेबलामागं बसला होता, बारशाचा फेटा अजून डोक्यावर. मी टेबलावर बोट ठेवलं. साडूनं माझ्याकडं बघितलं, मग बोटाकडं, आणि सुई शेजारी बसलेल्या आशाताईच्या हातात दिली. तीनशे बारा. तात्या मागून म्हणाला, "गेला माझा पहिला नंबर." सगळे हसले. साडू हसला नाही. चष्मा पुसला, वहीत आकडा लिहिला, टेबल तसंच सोडलं आणि म्हणाला, "चला, पाव्हणं. बारामती." माझा पाय त्यानं बघितलासुद्धा नव्हता. बहुतेक मी कॅन घेऊन लंगडत आलो तेव्हाच त्याला कळलं असावं.

दवाखान्यातून येताना स्कूटरवर मागं बसून मी त्याला म्हणालो, "सुटलात तुमी. कावळ्याचं फिटलं. आता रोज यायचं कारण न्हाय." खरं सांगतो, दोन वर्षं मी बोट का धरून ठेवलं होतं, ते मला त्या मागच्या सीटवर कळलं. बोट दिलं असतं तर ओट्यावर कोण आलं असतं? हिच्याबद्दल माझ्याशी बोलणारं दुसरं कोण होतं? साडूनं मान वळवली नाही, नुसता स्कूटरच्या आवाजावर ओरडला, "आक्काला बघत राहीन म्हणालोय मी. एकदा बघीन असं न्हाय म्हणालो."

पाय बरा होतोय. साडू रोज येतो आणि आता चहा घेतो, बिनसाखरेचा, तोंड वाकडं करून, मला सोबत म्हणून. माझ्या गोळ्या मी हिच्या मिसरीच्या डबीत ठेवतो. ती डबी साडूनं तिच्याकडून दहा वेळा हिसकावून घेतली होती आणि दहा वेळा तिनं ती परत मिळवली होती. मिसरी किती उरली हे बघायला ती झाकण उघडायची नाही, डबी कानाशी धरून हलवायची. साडूही आता ओट्यावर बसला की आधी डबी उचलतो, कानाशी धरतो आणि हलवतो. मग म्हणतो, "कालची घेतलेली दिसत न्हाय." मी म्हणतो, घेतली. तो परत हलवतो. मी डोळे मिटून ऐकतो.