ऐनाचा टेकू

दत्ताराम झाडं तोडून उतरवायचा. कोयत्याच्या पाठीने खोड ठोकायचा, कान लावायचा आणि आत किती कुजलंय ते सांगायचा. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. मी बी.ए. होऊन गावी आलो तेव्हापासून मला पंडित म्हणायचा.

देवळाच्या वाटेवर दोन जुने ऐनाचे वृक्ष होते. एकाची फांदी दुसऱ्याच्या खोडात शिरून एकजीव झाली होती. १९६१ साली देवाचे नवे तरंग केले, साडी नेसवलेले उंच खांब. ते त्या फांदीखालून जाईनात. देवाला वाकवणार कसं? फांदी काढायची ठरली.

दत्तारामने डावा ऐन ठोकला. बुंध्याला घोड्याच्या खुरासारखी कडक अळंबी होती.

"पंडिता, ह्या झाड उभा नाय. फांदयेर टेकून आसा. आधी ह्या वरसून उतरवूक व्हया, मगे फांदी."

"मग सांग ना त्यांना."

"माझा कोण ऐकतलो? देवळाचे मानकरी भाई तुझे काका. देवाक इचारतत तेव्हा तू सांग."

"सांगतो," मी म्हणालो.

देवाला न विचारता तिथलं पानही कोणी तोडत नसे. गुरवाने पाषाणावर पाकळ्या लावल्या आणि फक्त फांदीचं विचारलं. उजवी पाकळी पडली. देवाचा होकार. मी पुढे सरकलो.

भाई हसले. "देवान सांगल्यार आता कॉलेजाक इचारूचा काय रे?"

सगळे हसले. मी खाली बसलो.

बाहेर दत्तारामने विचारलं, "बोललस?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"बरा. आता नाय म्हटलंय तर देवाक नाय म्हटल्यासारखा होतला."

तो चांगल्या ऐनावर चढला. दहा-बारा घाव घातले. फांदी तुटली आणि डावा ऐन सरळ त्याच्यावर आला. खोड फुटलं. आत ओल्या भुशासारखा चुरा होता. आम्ही त्याला त्यातून काढला. तो गेलेला होता.

तेरावं झाल्यावर चूक कोणाची हे विचारायला पुन्हा पाकळ्या लावल्या. तोडणाऱ्याच्या मनात शंका होती, असं निघालं. त्याच्या घराने नारळ ठेवून माफी मागायची.

दत्तारामची बायको जानकीवहिनी नारळ घेऊन आली. तिथे बायका देवाला गाऱ्हाणं घालत नाहीत. तिने नारळ माझ्या हातात दिला.

"तुका मानीत ते. तूच बोल," ती म्हणाली.

मी बोललो. गुरवाने सांगितलं तसंच. दत्ताराम चुकला, त्याला पदरात घे.