आतोबांचा वलंदेजी महाल

जन्मात कधी रत्नागिरीजवळच्या हातखंब्याच्या पुढे न गेलेला आणि तरीही अख्खं म्हातारपण हॉलंडात घालवणारा माणूस जगाच्या पाठीवर एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या आत्याच्या वाट्याला आला. नात्यानं ते माझे आतोबा. पेशानं ड्रॉइंग मास्तर. रत्नागिरीतल्या तीन पिढ्यांना त्यांनी माठ, केळं आणि कंदील काढायला शिकवलं, आणि त्या तिन्ही पिढ्यांत एकालाही पुढे या तीन वस्तूंखेरीज काही काढता आलं नाही. मी त्यांतलाच एक. शाळेतून निवृत्त झाल्यावर माणसं देवाकडे वळतात, नाहीतर दम्याकडे. आतोबा वखारीकडे वळले.

गावाबाहेर खाडीच्या अंगाला एक सरकारी मालकीची पडकी इमारत होती. लोक तिला 'गोऱ्यांची वखार' म्हणत आणि तिच्यात जाळी वाळवत, बकऱ्या बांधत. छप्पर केव्हाच गेलेलं, मागच्या भिंतीतून पिंपळ वर आलेला. पण दर्शनी भिंत मात्र ताठ उभी होती, आणि तिच्यावर कुणा कारागिरानं हात राखून न ठेवता काम केलं होतं. नागमोडी कंगोरे, पिळाचे खांब, दारावर परक्या अक्षरांची एक शिळा, आणि त्या शिळेच्या दोन बाजूंना चुन्यात घडवलेली दोन गुटगुटीत, पंखवाली पोरं. दोघांनाही डोकी नव्हती. एके दिवशी सकाळी आतोबा फिरायला म्हणून त्या बाजूला गेले, ते परत आले तेव्हा त्यांचा चेहरा लॉटरी लागल्यासारखा होता. आल्याआल्या त्यांनी जाहीर केलं की ही वखार नसून वलंदेजांचा महाल आहे आणि त्याची शैली 'बरोक' आहे.

"म्हणजे काय?" आत्यानं तांदूळ निवडता निवडता विचारलं.

"सरळ रेषेचा कंटाळा आला की माणूस जे करतो, ते बरोक."

"मग तुम्ही जन्मभर तेच करताय," आत्या म्हणाली आणि तांदूळ पाखडायला घेतले.

तेव्हापासून घरात 'डच' हा शब्द बंद झाला. डच म्हणायचं ते इंग्रजांनी, आपण 'वलंदेज' म्हणायचं, असा आतोबांचा दंडक. माझ्यासारखा कोर्टातला कारकून चहाला गेला आणि चुकून डच म्हणाला, की चहा येईपर्यंत पाऊण तास जाई. महालाचा इतिहासही त्यांनी स्वतःच सिद्ध केला होता. कोणी एक वलंदेज सुभेदार होता, त्याची बायको माहेरच्या आठवणीनं झुरत होती, म्हणून त्यानं तिच्या माहेरच्या वाड्यासारखा वाडा इथे बांधला. याला आधार काय, असं मी सुरुवातीला एकदा विचारलं. "गावात ब्रह्मदेशच्या राजाचा राजवाडा असू शकतो, तर वलंदेजांचा का नसावा?" हे उत्तर मिळालं. मग मी आधार विचारणं सोडलं आणि नुसता ऐकत गेलो. पहिल्या वर्षी ती बाई फक्त झुरत होती. दुसऱ्या वर्षी तिला इथला उकाडा सोसेना. तिसऱ्या वर्षी तिला भाट्याच्या खाडीतल्या कालवांची चटक लागली होती आणि सुभेदार तिच्यावर त्यावरून रागावत असे. चौथ्या वर्षी आतोबा तिच्याबद्दल बोलताना "बिचारी" म्हणू लागले, तेव्हा आत्यानं त्यांच्याशी दोन दिवस अबोला धरला.

या सगळ्या संशोधनाचा अस्सल पुरावा एकच होता, तो म्हणजे बिस्किटांचा डबा. राजिवड्याचे हुसेनभाई बोटीवर खलाशी होते. लहानपणी ते आतोबांच्या वर्गात माठ काढत, पुढे त्यांनी जग पाहिलं. एका सफरीहून येताना ते मास्तरांसाठी हॉलंडातून एक पत्र्याचा डबा घेऊन आले. झाकणावर रंगीत चित्र होतं, पाण्याकाठी एक भला थोरला बरोक वाडा. "मास्तर, घ्या, तुमच्या त्या लोकांचं घर," हुसेनभाई म्हणाले, आणि आतोबांना भरून आलं. बिस्किटं आम्ही संपवली. डबा आत्यानं ताब्यात घेतला आणि त्यात आमसुलं भरली. त्यामुळे आतोबांना मूळ आधार तपासायचा झाला की आधी आमसुलं सुपात ओतावी लागत, मग झाकण भिंगाखाली धरून बघता येई, आणि बघून झालं की आमसुलं पुन्हा भरावी लागत. इतिहास-संशोधनात इतकं आंबट साधन दुसऱ्या कोणी वापरलं असेल असं वाटत नाही.

नुसता इतिहास सांगून आतोबांचं समाधान होईना, तेव्हा त्यांनी जीर्णोद्धार काढला. कोणाला विचारायचं हा प्रश्नच नव्हता, कारण बकऱ्यांखेरीज तिथे कोणी राहत नव्हतं. जुन्या पद्धतीचा चुना हवा म्हणून त्यांनी हिरड्याचं पाणी आणि गूळ घालून चुना मळायला सुरुवात केली, तीही घरच्या अंगणात. महिनाभर आम्ही सगळे आणि रत्नागिरीतल्या तमाम मुंग्या त्या अंगणात एकत्र नांदलो. पावसाळ्याच्या तोंडी आपल्याकडे भिंतींना झोडपणी लागू नये म्हणून माडाचे झाप बांधतात. आतोबांनी ते आधी वलंदेजांच्या भिंतीला बांधले. घरच्या पडवीची पाळी येईपर्यंत झाप संपले, आणि त्या वर्षी पडवीत ओल आली. "तिकडची सवत कोरडी आहे ना, मग झालं," आत्या म्हणाली.

सगळ्यात अवघड काम त्या दोन पोरांच्या डोक्यांचं होतं. त्यासाठी बाबू गवंडी आला. तुळशीवृंदावनं करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. आतोबांनी त्याला डब्याचं झाकण दाखवलं, कागदावर वलंदेजी मुलाचा चेहरा काढून दिला, आणि वर तासभर व्याख्यान दिलं. बाबूनं सगळं ऐकून घेतलं. "काका, वलंदेज काय मी बगितलेला नाय," तो म्हणाला, "पोर बगितलेला हाय." आणि त्यानं आपल्या नातवाचं डोकं दोनदा घडवलं. नाक थोडं नकटं, गाल वर आलेले, कानांत भिकबाळ्या. काम झाल्यावर त्यानं खिशातून काजळाची डबी काढली आणि दोन्ही पोरांच्या गालांवर तीट लावली. "एवढी गोरीगोमटी पोरा रस्त्यावर बसवायची, दिष्ट लागंल ना." आतोबांनी रागावून तीट पुसायला हात वर केला आणि तसाच खाली घेतला. पुढे काजळ फिकं झालं की ते स्वतःच पुन्हा लावत असत, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

अशी आठ वर्षं गेली. मग रस्ता आला. खाडीच्या कडेनं नवा रस्ता करायचा ठरला, दगड लांबून आणण्यापेक्षा वखारीचा चिरा आयता मिळेल असं कोणीतरी कागदावर लिहिलं, आणि पाडकामाचा ठेकाही दिला गेला. आतोबा त्या दिवसापासून धड जेवले नाहीत. मुंबईला जिथे जिथे म्हणून साहेब बसतात तिथे तिथे त्यांनी अर्ज धाडले, प्रत्येक अर्जाला वखारीचं हातानं काढलेलं चित्र जोडलं. तीन महिन्यांनी एक उत्तर आलं. जुन्या इमारती पारखणारे एक साहेब अमुक दिवशी येतील, इमारत पाहतील, आणि ती खरोखर पुरातन आहे असं त्यांनी लिहून दिलं तर पाडकाम रद्द होईल. ते पत्र आतोबांनी आत्याला वाचून दाखवलं, मग देवापुढे ठेवलं, मग माझ्यापुढे ठेवलं.

इथे मला माझ्या जिभेबद्दल लिहिणं भाग आहे. कोर्टात दिवसभर "जी साहेब" म्हणून म्हणून मला संध्याकाळी कोणालातरी चिमटे काढल्याशिवाय चैन पडत नसे, आणि आतोबा त्यासाठी फार सोयीचे होते. पत्र वाचून मी मान हलवली आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणालो, "आतोबा, मुंबईचा साहेब येणार, आणि महाल असा पारोसा? मुलगी बघायला पाहुणे येतात तेव्हासुद्धा आपण घराला चुन्याचा हात देतो, खाली गेरूचा पट्टा ओढतो. वलंदेजांची काही अब्रू आहे की नाही?" आत्या खुदकन हसली. आतोबा माझ्याकडे बघून म्हणाले, "मुद्दा आहे तुझा." मी चहा पिऊन घरी गेलो आणि विसरून गेलो.

साहेब यायच्या दिवशी मी मजा बघायला म्हणून सोबत गेलो. वळणावरून वखार दिसली. दर्शनी भिंत पांढरीफेक झाली होती. एक नाही, चुन्याचे तीन हात. खाली वीतभर गेरूचा पट्टा, तोही फूटपट्टी लावून. आंब्याच्या पानांचं तोरण. पोरांच्या गालांवर ताजं काजळ. शिळेवरची ती परकी अक्षरं, सगळ्या प्रकरणात निर्विवाद जुनी अशी एकच गोष्ट, चुन्यानं बुजून गेली होती. ती दिसावीत म्हणून आतोबांनी त्यांच्यावर आपल्या घोटीव हातानं गेरूनं पुन्हा अक्षरं रंगवली होती. एखाद्या नव्या दुकानाच्या पाटीसारखी ती झळकत होती.

साहेब भला माणूस होता. त्यानं भिंतीला बोट लावलं, बोट पांढरं झालं, ते रुमालाला पुसलं. "मास्तर, काम फार उत्तम झालंय," तो म्हणाला. "कधी बांधलंत?"

"अडीचशे-तीनशे वर्षं सहज झाली," आतोबा म्हणाले.

"नाही, हे सगळं. हे कधी बांधलंत?"

आतोबा शिळेकडे बोट दाखवून अक्षरांबद्दल सांगू लागले. साहेबानं वर पाहिलं. "अक्षर सुरेख आहे हो तुमचं," तो मनापासून म्हणाला. मग त्यानं मोटारीत बसून चार ओळी लिहिल्या. महिन्याभरानं त्या ओळी टपालानं घरी आल्या. सदर इमारत अलीकडची असून जतन करण्याजोगी नाही.

ते पत्र आतोबांनी देवापुढे ठेवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते घरात नव्हते. आत्यानं मला कोर्टातून बोलावून घेतलं आणि म्हणाली, "तिकडेच असतील. जा, आण त्यांना. ऊन फार आहे." मी गेलो. आतोबा शिडीवर उभे होते आणि नारळाच्या करवंटीनं भिंतीचा चुना खरवडत होते. डोक्यावर, भुवयांवर, सदऱ्यावर पांढरी पूड. खाली पाडकामाचा मुकादम तंबाखू मळत उभा होता, घाटावरचा माणूस. त्याची माणसं पहारी टेकून सावलीला बसली होती.

"म्हातारबा," मुकादम म्हणाला, "हे आमी पाडनारच हाय. तुमी ते खरवडून काय करनार?"

आतोबांनी वळून पाहिलं नाही. "पाडायचीच आहे तर जुनी म्हणून पाडा," ते म्हणाले. "नवी म्हणून पाडू नका."

मुकादमाला ते किती कळलं देव जाणे. त्यानं तंबाखू तोंडात टाकली, माणसांना खूण केली आणि म्हणाला, "परवा सकाळी येतो." पहारी घेऊन ते सगळे निघून गेले.

मी आतोबांना घरी न्यायला आलो होतो. कोट काढून पिंपळाच्या फांदीला अडकवला, दुसरी करवंटी उचलली आणि खालची बाजू धरली. ते दोन दिवस मी कोर्टात गेलो नाही. जन्मात पहिल्यांदाच मी ती भिंत इतक्या जवळून पाहिली. कंगोऱ्याच्या प्रत्येक वळणाला कुणाच्या तरी बोटाचा ठसा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी शिळेवरचा चुना सुटला आणि खालची खरी अक्षरं वर आली, झिजलेली, काही अर्धीच. आतोबांनी त्यांच्यावरून हात फिरवला. आता सांगितलं नाही तर कधीच सांगता येणार नाही असं मला वाटलं.

"आतोबा," मी म्हणालो, "तो चुन्याचा हात मी चेष्टेनं सुचवला होता."

त्यांची करवंटी थांबली नाही. "ठाऊक आहे मला. शाळेत मागच्या बाकावरून बोलायचास, तोच सूर होता तो. पण आठ वर्षांत या भिंतीबद्दल आपणहून कोणी काही सुचवलं असेल, तर ते तूच एकटा. म्हटलं, एकदा तरी तुझं ऐकावं."

घशात चुना गेलाय, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी शिडीवरून तांब्या खाली दिला.

ठरल्याप्रमाणे सकाळी वखार पडली, आणि जुनी म्हणूनच पडली. आतोबा त्यानंतर दोन वर्षं होते. त्या दोन वर्षांत मी त्यांची एकदाही चेष्टा केली नाही. संध्याकाळी मी गुपचूप चहा पीत बसलो की ते थोडा वेळ वाट बघत, आणि मग आत्याला विचारत, "हा हल्ली काही बोलत का नाही गं?"