ढिगाऱ्याखालचं पाणी

हे कुणाला सांगायचं नाही, असं बाबांनी बजावलंय. पण किस्से इतके साचलेत, की तुम्हा दोघींना सांगितले नाहीत तर परीक्षेच्या पेपरात उतरतील!

बाबा इथे उज्जैनात, फ्रीगंजच्या सरकारी प्रयोगशाळेत पाणी तपासतात. जुनी राज्यं मोडून नवं मोठं राज्य झालं आणि कुठलीशी दूरची कोळशाची खदान एकदम आपल्या राज्यात आली. तिथल्या एका गावाच्या डोक्यावर खदानीतून काढून टाकलेल्या दगडांचा ढिगारा आहे. पाऊस त्यातून झिरपतो आणि दगडांतले विषारी धातू घेऊन विहिरीत उतरतो, असा बाबांचा संशय. मुलांची पोटं दुखतात. रिपोर्टात ते सिद्ध झालं तरच नवी विहीर मिळणार. म्हणून गावच्या शाळेचे गुरुजी नमुने पाठवतात.

* * *

पहिला नमुना दारूच्या बाटलीतून आला. चपराशी मांगीलाल सोवळ्याचा. त्याने पाणी घरच्या तांब्याच्या लोटीत ओतून ठेवलं.

"शीशी दारू की थी, बाबूजी. मैंने पानी शुद्ध कर दिया!"

त्या आंबट पाण्याने लोटी आतून लख्ख झाली होती. बाबांनी कपाळाला हात लावला. "अब इसमें ताँबा निकला, तो पहाड़ का या तेरी लोटी का?"

"लोटी की फिकर मत करो, बाबूजी. पुरानी है!"

* * *

दुसरा नमुना बाबांनी मांगीलालच्या धास्तीने घरी आणून ठेवला. लोटीची गोष्ट आईने ऐकली होतीच. तिने त्या पाण्याने देवाची भांडी घासली!

"चिंचेपेक्षा बरं आहे हो. अजून मागवा की!"

"अगं, तिकडे पोरं पितात ते!"

आईने सगळी भांडी पुन्हा धुवायला घेतली.

* * *

तिसरा नमुना अगदी स्वच्छ. वर तुळशीचं पान. बाबांनी पत्र लिहून विचारलं, तर गुरुजींचं उत्तर आलं, "साहब लोगों को मैला पानी कैसे भेजते? उबालकर, छानकर भेजा है."

त्या दिवशी बाबा जेवले नाहीत.

* * *

बाबांनी स्वतः गावी जायची परवानगी मागितली, तर प्रयोगशाळेचे मोठे साहेब म्हणाले, "आजार जुना आहे ना? तेव्हा ते गाव आपल्यात नव्हतं. जुन्या राज्याला विचारा."

"ते राज्य आता उरलं नाही, साहेब."

"मग घाई कसली?"

* * *

शेवटी गुरुजी स्वतःच आगगाडीने आले, बाटली मांडीवर धरून. मी बाबांचा डबा घेऊन गेले होते. आत जायची लाज, म्हणून दाराआड उभी. तेवढ्यात मोठे साहेब आले. समोर परगावचा माणूस, कपाळी गंध, हातात पाणी. उज्जैनात दुसरं काय वाटणार? साहेबांनी चपला काढल्या आणि ओंजळ पुढे केली. गुरुजी गोंधळले, पण साहेबांची ओंजळ रिकामी कशी ठेवणार? त्यांनी ओतलं. बाबा "अहो साहेब" म्हणेपर्यंत साहेबांनी ते पिऊन ओला हात डोक्यावरून फिरवलासुद्धा!

"कहाँ का तीर्थ है?"

गुरुजींनी हात जोडले. "हमारे स्कूल के कुएँ का, साहब. बच्चे रोज लेते हैं."

साहेबांचा हात डोक्यावरच राहिला. मग ते ओरडले, "रिपोर्ट आजच्या आज पाहिजे!" बाबा उरलेलं पाणी घेऊन आत पळाले.

थोड्या वेळाने साहेब प्रयोगशाळेच्या दारात आले. आवाज अगदी खाली. "एका घोटाने काही होत नाही ना हो?"

बाबांनी नळीवरची नजर न काढता सांगितलं, "त्या मुलांना विचारतो, साहेब."

त्यावर साहेबांनी खिशातलं पेन काढलं, नव्या विहिरीचा कागद पुढे ओढला आणि—

"शकू! फाटकात काय कुजबुज चाललीय?"

आले, बाबा!